रेड-१ चा आरसा बिघडला? आधी थांबा, मग डेटा वाचवा



दुकानाच्या लिनक्स कॉम्प्युटरला दोन डिस्कचा आरसा, म्हणजे रेड-१ असला की एकीवर लिहिलेलं दुसरीवरही आपोआप लिहिलं जातं. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायचा असतो. म्हणून आरसा बिघडला तर काय करायचं, हे मालकाला माहीत हवंच.

नेहमीचा घोळ असा. केबल ढिली होते, एक डिस्क बाहेर पडते, बिलिंग एकीवरच चालू राहतं. पुढच्या वेळी सेटिंग चुकल्यामुळे मशीन जुन्या डिस्कवरून सुरू होतं. आता एमडी० आणि एमडी१२७ असे दोन अर्धे आरसे दिसतात. सोमवारची बिलं एकीवर, बुधवारची दुसरीवर! घाईत जोडलं तर एकीचा डेटा दुसरीवर चढतो आणि तिथली बिलं पुसली जातात.

मग करायचं काय?

१. बिलिंग बंद करा. एमडीएडीएमची 'क्रिएट' कमांड चालवू नका. ती नवा आरसा बनवते, जुना दुरुस्त करत नाही. "पुढे जाऊ का?" विचारलं तर उत्तर "नाही".

२. दोन्ही डिस्कची पूर्ण कॉपी वेगळ्या डिस्कवर घ्या. डीडीरेस्क्यू हे काम चोख करतं. हा खर्च टाळू नका.

३. 'एक्झामिन' कमांडने दोन्हींची शेवटची अपडेट वेळ आणि इव्हेंटचा आकडा बघा. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, कारण दोन्ही वेगवेगळ्या चालल्या असतील तर तो फसवतो.

४. एकेक डिस्क फक्त वाचण्यासाठी उघडा आणि शेवटची बिलं स्वतः डोळ्यांनी तपासा. फक्त एकीवरच असलेली बिलं बाहेर कॉपी करून ठेवा.

५. आता चांगली डिस्क एकटीच 'असेंबल' करा. दुसरीचा सीरियल नंबर दोनदा पडताळा, मगच तिच्यावरची रेडची जुनी खूण पुसून तिला 'अ‍ॅड' करा. २ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी वेगाने भरायला पावणेचार तासांच्या आसपास लागतात. एमडीस्टॅटमध्ये 'यू अंडरस्कोर' जाऊन 'यूयू' दिसलं की आरसा पूर्ण. मग बाहेर काढलेली बिलं परत चढवा.

६. शेवटी एमडीएडीएमच्या कॉन्फिग फाइलमध्ये आरशाची नोंद करा आणि इनिट्रॅमएफएस अपडेट करा. ही पायरी राहिली तर पुढच्या रीस्टार्टला पुन्हा एमडी१२७ दिसू शकतं.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: आरसा म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते. म्हणून रोज गल्ला मोजता तसा रोजचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या आणि ती दुकानात ठेवू नका, घरी न्या.

आज दुकान बंद करण्याआधी एमडीस्टॅट एकदा उघडून बघा. 'यूयू' दिसतंय ना?