रंगावर पांढरी रेघ

चित्रडायरीचे पान आधी गडद रंगवून त्यावर पांढऱ्या पेनाने नक्षी काढायला विद्यार्थ्यांना आवडते. पण पांढऱ्या कागदावर निळी रेघ जितकी सहज उठते, तितकी निळ्या रंगावर पांढरी रेघ उठत नाही. ती वाळल्यावर पुसट होते किंवा खालचा रंग घेऊन मळते. असे का व्हावे?

निळी शाई प्रकाशाचा काही भाग शोषते. उरलेला प्रकाश खालचा पांढरा कागद परत पाठवतो. म्हणजे निम्मे काम कागदच करतो. पांढऱ्या शाईला ही मदत नसते. खालच्या गडद रंगापर्यंत पोहोचण्याआधीच तिला सर्व रंगांचा प्रकाश माघारी फिरवावा लागतो. पाण्यात विरघळणाऱ्या रंगाने हे साधत नाही. त्यासाठी द्रवात तरंगणारी बारीक पूडच लागते, कारण पुडीचे कण प्रकाशाचे विकिरण करतात. कण आणि भोवतालचे माध्यम यांच्या अपवर्तनांकांतला फरक जितका मोठा, तितके हे विकिरण अधिक.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. काळ्या कागदावर खडूच्या पुडीचे दोन ठिपके द्या. एकावर पाण्याचा थेंब टाका, दुसऱ्यावर खाद्यतेलाचा. दोन्ही ठिपके फिके पडतील. पाणी वाळले की पहिला पुन्हा पांढरा होईल, तेलातला मात्र फिकाच राहील. खडूचा अपवर्तनांक सुमारे १.५ ते १.६, तेलाचा सुमारे १.४७ आणि हवेचा जवळजवळ १. तेलात फारसा फरक उरत नाही. तांदळाच्या पिठाने काढलेले वारली चित्र ओले असताना पुसट आणि वाळल्यावर ठळक दिसते, तेही याच कारणाने: पाण्याच्या जागी हवा येते.

पांढऱ्या पेनांत सहसा टायटॅनियम डायऑक्साइड वापरतात. त्याच्या रुटाइल या रूपाचा अपवर्तनांक सुमारे २.७ असल्याने, शाईतल्या चिकट द्रव्याने वेढले तरी ते पांढरेच दिसते. अडचण एवढीच, की ते पाण्याच्या चौपट जड असल्याने तळाशी बसते.

पेन निवडताना हे उपयोगी पडते. जेल पेनातली शाई स्थिर असताना घट्ट असते, म्हणून पूड बसत नाही. गोळी फिरली की ती पातळ होऊन वाहते. बारीक अक्षरांसाठी हे पेन चांगले. गोळी जितकी जाड, तितका शाईचा थर जाड आणि रेघ ठळक. मात्र गुळगुळीत ॲक्रिलिक रंगावर ही शाई शोषली जात नाही, उशिरा वाळते आणि हात लागला की फिसकटते. तिथे ॲक्रिलिक रंगाचा मार्कर बरा. त्यातली शाई पातळ असल्याने पूड खाली बसते. ती ढवळण्यासाठीच आत गोळी असते. म्हणून वापरण्यापूर्वी तो चांगला हलवावा.

पार्श्वभूमी जलरंगाची असेल, तर ती पूर्ण वाळू द्यावी आणि एकाच जागी पेन पुन्हा पुन्हा घासू नये. शाईतल्या पाण्याने खालचा रंग सुटतो आणि लाल रंगावरची रेघ गुलाबी होते. मेणखडूवर पाण्याची शाई धरत नाही. शिवाय मेण पेनाच्या टोकात अडकते. खाडाखोडीचे पांढरे पेन झाकते उत्तम, पण उडून जाणाऱ्या द्रावकाची वाफ असणारी पेने बंद वर्गात टाळावीत.

विकत घेण्यापूर्वी, रंगवलेल्या कागदाची एक पट्टी दुकानात न्यावी. रेघ ओढून ती वाळू द्यावी, बोटाने घासावी आणि मगच पेन ठरवावे. ओल्या रेघेवरून निर्णय घेऊ नये.