कार्ड खिशात, पैसे लंपास

कार्ड स्किमिंग म्हणजे डेबिट किंवा क्रेडिट कार्डाच्या काळ्या चुंबकीय पट्टीवरची माहिती मालकाच्या नकळत उतरवून घेणे. यात कार्ड हरवत नाही, चोरीलाही जात नाही. चोरटे ती माहिती कोऱ्या कार्डावर चढवतात, छुप्या कॅमेऱ्याने टिपलेला पिन वापरतात आणि दुसऱ्या शहरातल्या, प्रसंगी दुसऱ्या देशातल्या एटीएममधून रक्कम काढतात. खातेदाराला पत्ता लागतो तो पैसे गेल्याचा संदेश मोबाइलवर आल्यानंतर.

एटीएममधून रोख काढण्यासाठी चोराला दोन गोष्टी लागतात, पट्टीवरची माहिती आणि पिन. पहिली गोष्ट राखणे पूर्णपणे खातेदाराच्या हाती नसते, कारण यंत्र बँकेचे असते आणि दुकान दुसऱ्याचे. पिन मात्र बहुतांशी त्याच्याच हाती असतो. बचावाचे बहुतेक उपाय या फरकावर उभे आहेत.

पट्टीत काय, चिपमध्ये काय

चुंबकीय पट्टीवर माहिती ओळींमध्ये साठवलेली असते. बँक व्यवहारात मुख्यतः वापरली जाते ती दुसरी ओळ. तिच्यात जास्तीत जास्त ४० अंक-चिन्हे मावतात. कार्डाचा क्रमांक, मुदत संपण्याचे वर्ष व महिना, तीन आकडी सेवा-संकेत आणि बँकेच्या पडताळणीचे काही अंक एवढाच हा ऐवज. तो दर व्यवहाराला तोच राहतो. त्यामुळे एकदा वाचला की जसाच्या तसा दुसऱ्या पट्टीवर उतरतो आणि फक्त पट्टी वाचणाऱ्या यंत्राला अस्सल व नक्कल यांत फरक करता येत नाही.

सोनेरी चिपचे काम वेगळे आहे. तिच्यात एक छोटा संगणकच असतो. दर व्यवहाराला ती आपल्या गुप्त किल्लीच्या साहाय्याने नवी सांकेतिक खूण तयार करते आणि बँक ती तपासते. किल्ली चिपच्या बाहेर येत नाही आणि जुनी खूण पुढच्या व्यवहाराला चालत नाही. म्हणून चिपची नक्कल करणे व्यवहारात जवळपास अशक्य आहे.

पट्टी आणि चिप यांचा मेळही घातलेला असतो. पट्टीवरच्या सेवा-संकेताचा पहिला अंक २ किंवा ६ असेल, तर या कार्डाला चिप आहे हे यंत्राला कळते आणि ते चिप वाचण्याचा आग्रह धरते. शिवाय पडताळणीचे अंक तीन ठिकाणी तीन प्रकारचे असतात. पट्टीवरचे वेगळे, चिपमधले वेगळे आणि कार्डाच्या मागे छापलेला सीव्हीव्ही आणखी वेगळा. त्यामुळे चिपमधून चोरलेली माहिती पट्टीवर चढवली, तरी नीट पडताळणी करणारी बँक ती नाकारते. पट्टीवरून उतरवलेल्या माहितीत छापील सीव्हीव्ही नसतो. तो हवा असेल तर चोराला कार्ड डोळ्यांनी पाहावे लागते किंवा त्याचे छायाचित्र घ्यावे लागते.

रिझर्व्ह बँकेने १ सप्टेंबर २०१५ पासून नवी कार्डे चिप आणि पिन असलेलीच देण्यास बँकांना सांगितले आणि जुनी पट्टीवाली कार्डे बदलून देण्यासाठी ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत घातली. तरी धोका संपला नाही, कारण चिपच्या कार्डांवरही मागच्या बाजूला पट्टी राहिली. जिथे यंत्र अजून पट्टीवर व्यवहार होऊ देते, तिथे नक्कल कार्ड चालून जाऊ शकते. मास्टरकार्डने २०२१ मध्ये पट्टी टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचे जाहीर केले असून २०३३ पर्यंत आपल्या कोणत्याही डेबिट वा क्रेडिट कार्डावर ती उरणार नाही, असे ठरवले आहे.

चोराचे सामान

सर्वांत जुना प्रकार म्हणजे कार्ड घालण्याच्या खाचेवर बेमालूम बसवलेले खोटे तोंड. कार्ड त्यातूनच आत जाते, आतला स्किमर जाता जाता पट्टी वाचतो आणि मूळ यंत्र नेहमीप्रमाणे पैसे देते. दुसरा प्रकार खाचेच्या आत खोल सरकवलेल्या पातळ पट्टीचा असतो. तो बाहेरून दिसत नाही. तिसरा चिप आणि यंत्र यांच्यामध्ये शिरून त्यांची देवाणघेवाण टिपतो. त्याला शिमर म्हणतात.

पिन मिळवण्यासाठी कीपॅडकडे रोखलेला बारीक कॅमेरा लावतात. तो पडद्याच्या वरच्या पट्टीत, दिव्याच्या आवरणात किंवा भिंतीवरच्या पत्रकांच्या खोक्यात दडवलेला असतो. काही वेळा खऱ्या कीपॅडवर खोटे कीपॅड चढवून दाबलेले आकडे नोंदवतात. हॉटेल, बार, पेट्रोल पंप अशा ठिकाणी मुठीत मावणारा स्किमर वापरला जातो. कार्ड काउंटरमागे नेले की ते त्यातून एकदा ओढायला एक क्षणही पुरतो.

यंत्राशिवाय चालणारी फसवणूकही पैसे खाते. पैसे काढताना अडखळणाऱ्या माणसाला, विशेषतः ज्येष्ठ नागरिकाला, मदत करण्याच्या बहाण्याने कोणी पिन पाहून घेतो आणि त्याच बँकेचे दुसरे कार्ड हातात ठेवतो. काही ठिकाणी खाचेत चिकट पदार्थ लावून कार्ड अडकवतात आणि शेजारी खोटा मदत क्रमांक चिकटवून ठेवतात. त्या क्रमांकावर बोलणारा माणूस पिन विचारतो किंवा खातेदाराला तिथून दूर पाठवतो. खातेदार गेला की कार्ड बाहेर काढले जाते.

यंत्रासमोर उभे राहताना

शक्यतो बँकेच्या शाखेला लागून असलेले, वर्दळीचे आणि नीट उजेड असलेले एटीएम निवडावे. कार्ड घालण्यापूर्वी खाचेचे तोंड बोटांनी धरून हलवून पाहावे. मूळ भाग पक्का असतो. वरून चिकटवलेला भाग डुगडुगतो, त्याची कड उचललेली असते किंवा रंग थोडा वेगळा असतो. कीपॅड नेहमीपेक्षा जाड वाटतो का, कळा दबताना अडतात का, पडद्याच्या वर सुईच्या टोकाएवढे भोक आहे का, हेही पाहावे. शंका आली तर पैसे न काढता निघावे आणि यंत्रावर ज्या बँकेचे नाव आहे तिला कळवावे.

खाचेत खोल बसवलेला स्किमर मात्र अशा तपासणीत सापडत नाही. म्हणून सर्वांत मोलाची सवय एकच. पिन दाबताना दुसरा हात कीपॅडवर आडवा धरावा, गाळ्यात कोणी नसले तरीही. हाताआड दाबलेला पिन कॅमेऱ्याला मिळत नाही आणि पट्टी चोरीला गेली तरी एटीएममधून रोख निघत नाही. खोट्या कीपॅडपुढे हा उपाय चालत नाही, म्हणून कळांकडे लक्ष देणे तितकेच गरजेचे.

चिप वाचणारी बरीच यंत्रे व्यवहार संपेपर्यंत कार्ड धरून ठेवतात. अशा वेळी गोंधळून शेजारच्याची मदत घेऊ नये. कार्ड खरोखर अडकले तर जागा न सोडता बँकेच्या अधिकृत क्रमांकावर फोन करून ते बंद करावे. हा क्रमांक कार्डाच्या मागे छापलेला असतो आणि कार्ड यंत्रात असताना तो वाचता येत नाही, म्हणून मोबाइलमध्ये आधीच साठवून ठेवावा. भिंतीवर चिकटवलेल्या किंवा इंटरनेटवर शोधून सापडलेल्या क्रमांकावर विसंबू नये. पिन उलटा टाकला की पोलिसांना सूचना जाते, हा समाजमाध्यमांवर फिरणारा संदेश खोटा आहे. तशी कोणतीही सोय एटीएममध्ये नाही.

कार्डच वापरायचे नसेल, तर अनेक एटीएमवर पडद्यावरचा क्यूआर कोड यूपीआय ॲपने स्कॅन करून रोख काढता येते. त्यात पट्टी वाचली जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

दुकानात आणि ऑनलाइन

दुकानात कार्ड नजरेआड जाऊ देऊ नये. स्वाइप यंत्र टेबलापाशी मागवावे, पडद्यावरची रक्कम वाचावी आणि पिन स्वतः दाबावा. वेटरला किंवा पंपावरच्या कामगाराला पिन तोंडी सांगणे म्हणजे चोराचे अर्धे काम करून देणे. नुसते टेकवून पैसे देण्याच्या सोयीत ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही. ही मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. असे कार्ड हरवले तर लगेच बंद करणे अधिक निकडीचे ठरते.

देशातल्या ऑनलाइन खरेदीत सहसा ओटीपीची दुसरी पायरी असते. परदेशी संकेतस्थळांवर मात्र अनेकदा कार्डाचा क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही एवढ्यावर व्यवहार होतो. १ ऑक्टोबर २०२२ पासून देशातल्या विक्रेत्यांना ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक साठवता येत नाही. त्याऐवजी टोकन ठेवले जाते आणि ते चोरीला गेले तरी दुसऱ्या विक्रेत्याकडे चालत नाही.

नको त्या सोयी बंद

रिझर्व्ह बँकेच्या १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकातल्या तरतुदी त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून पूर्णपणे लागू झाल्या. त्यानुसार नवे कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या यंत्रावर चालते. परदेशी, ऑनलाइन आणि टेकवून करायचे व्यवहार ग्राहकाने स्वतः सुरू करावे लागतात. प्रत्येक सोय चालू-बंद करणे व तिची मर्यादा ठरवणे बँकेच्या ॲपवर दिवसरात्र करता येते.

हा अधिकार अजूनही कमी वापरला जातो. परदेशी जायचे नसेल तर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद ठेवावेत. मग परदेशात नक्कल कार्ड वापरले तरी बँकेची यंत्रणा ते नाकारते. एटीएमची रोजची मर्यादा गरजेपुरती ठेवावी. निवृत्तिवेतन किंवा मोठी ठेव ज्या खात्यात आहे त्याचे कार्ड बाजारात वापरू नये, त्यासाठी थोड्या रकमेचे वेगळे खाते असावे. मोबाइल क्रमांक बदलला की बँकेत त्याच आठवड्यात नोंदवावा, कारण पैसे गेल्याची पहिली खबर त्यावरच येते.

यंत्रणाच फुटते तेव्हा

काही वेळा ग्राहकाची कसलीही चूक नसते. २०१६ मध्ये एटीएम सेवा पुरवणाऱ्या यंत्रणेत शिरलेल्या व्हायरसमुळे देशातल्या सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आली. बँकांना कार्डे बंद करावी लागली किंवा पिन बदलायला सांगावे लागले. ११ ऑगस्ट २०१८ ला, दुसऱ्या शनिवारच्या सुट्टीत, पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. कार्ड व्यवहारांना मंजुरी देणारी यंत्रणा चोरट्यांनी परस्पर वळवली आणि नक्कल कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. देशातले व्यवहार आणि दोन दिवसांनी स्विफ्ट या आंतरबँक संदेशप्रणालीद्वारे हाँगकाँगला पाठवलेली रक्कम धरून आकडा ९४ कोटींवर गेला. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. बँकेची यंत्रणा फुटते तेव्हा ग्राहकाची सावधगिरी पुरत नाही. तिथे आधार असतो तो नियमांचा.

पैसे गेलेच तर

रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक या बाबतीत ग्राहकाची ढाल आहे. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तसेच परिपत्रक निघाले. चूक बँकेची असेल तर ग्राहकाला तोशीस लागत नाही. स्किमिंगसारख्या प्रकारात, जिथे दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, तिथे संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास पूर्ण रक्कम परत मिळते. चार ते सात दिवस लागले तर साध्या बचत खात्याच्या ग्राहकावर जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा भार येतो. मूलभूत बचत खात्यासाठी ही मर्यादा ५,००० आहे. सात दिवसांनंतर बँकेच्या स्वतःच्या धोरणानुसार निर्णय होतो. पिन किंवा ओटीपी ग्राहकानेच दुसऱ्याला दिला असेल, तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि त्यानंतरचे बँकेचे. दोष ग्राहकाचा होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे.

म्हणून संदेश येताच पहिले काम कार्ड बंद करण्याचे. ते ॲपवरून किंवा फोनवरून करावे आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. मग १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. लवकर कळल्यास ऑनलाइन वळवलेली रक्कम वाटेत गोठवण्याची संधी असते. बँकेला लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि पैसे गेले त्या वेळी कार्ड स्वतःजवळ होते हे स्पष्ट लिहावे. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते आणि ९० दिवसांत प्रकरण निकाली काढायचे असते. बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

आधी नीट चौकशी करू, मग तक्रार करू, या विचारात पहिले तीन दिवस निघून जातात. पैसे परत मिळण्याचा हक्क त्याच तीन दिवसांत सर्वांत भक्कम असतो. म्हणून तक्रार आधी, चौकशी नंतर.