मळीच्या टाकीतील कारभार

पुण्याजवळ मांजरी येथे १९७५ साली स्थापन झालेल्या आणि आज वसंतदादांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साखर संस्थेत उसाबरोबरच, मळीपासून मद्यार्क करणाऱ्या यीस्टचाही अभ्यास चालतो. या एकपेशीय जीवाच्या वाट्याला आसवनीच्या टाकीत जे भोग येतात, ते खडतर आहेत. आरंभी दाट मळीतील साखर व क्षार त्याच्या अंगचे पाणी शोषू पाहतात, मग किण्वनाची उष्णता चढते, आणि अखेरीस त्याने स्वतःच निर्माण केलेला मद्यार्क त्याच्याच पटलावर आघात करतो. पलायनाची सोय नसलेल्या या जीवाला जो बंदोबस्त करायचा, तो आपल्या जनुकांच्या द्वाराच करावा लागतो.

यीस्टची सुमारे ६,००० जनुके असलेली संपूर्ण जनुकसंहिता १९९६ साली वाचून झाली; परंतु ही जनुके सदासर्वकाळ कार्यरत नसतात, आणि कोणते केव्हा व किती चालावे याचे नियमन काही विशिष्ट प्रथिने करतात. त्यांपैकी एमएसएन-२ व एमएसएन-४ ही जोडी, अन्न मुबलक असते तोवर, पेशीकेंद्राबाहेर रोखलेली असते; ताण उद्भवताच ती काही मिनिटांत केंद्रात शिरते आणि संरक्षक जनुकांना चालना देते. मग प्रथिनांना सावरणारी ट्रेहॅलोज ही शर्करा तयार होते, उष्णतेने गोळा झालेली प्रथिने सोडविणारे एचएसपी-१०४ वाढते. आणि मळीच्या दाटपणाशी सामना करण्यासाठी हॉग-१ हे निराळे प्रथिन ग्लिसरॉल साठविण्याची तजवीज करते.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती या जीवाची काटकसर. निरनिराळ्या संकटांत यीस्टची सुमारे ९०० जनुके एकाच रीतीने प्रतिसाद देतात, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील संशोधनात आढळले. त्यांपैकी उद्दीपित झाली ती सुमारे ३००, आणि उरलेली, बहुतांशी प्रथिननिर्मितीशी व वाढीशी निगडित असलेली, मंदावली. दुष्काळाची चाहूल लागताच जाणता कारभारी नव्या वाड्यांची कामे तहकूब करून खजिना धान्यकोठारांकडे वळवतो, तसाच हा प्रकार. पुढील प्रयोगांवरून तर असे दिसले की, या प्रतिसादाचे खरे फळ चालू संकटापेक्षा नंतरच्या तीव्र संकटात पदरी पडते. आधी सौम्य उष्णता सोसलेले यीस्ट पुढे जहाल उष्णतेत तगून राहते.

म्हणूनच आसवनीसाठी यीस्टचा वाण निवडताना अनुकूल स्थितीतील मद्यार्काचे मोजमाप मला अपुरे वाटते. ताण आल्यावर तो आपली जनुके कशी आवरतो, हेही पाहिले पाहिजे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९५१ पासून औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि त्यात यीस्टचेही वाण जतन केलेले आहेत. पुण्याच्या महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या तरुणांनी हा प्रश्न आपला मानून हाती घ्यावा, अशी माझी मनःपूर्वक विनंती आहे.