दंड शब्दांना, रोग तसाच

प्रकृती भिन्न असूनही माणसे एकाच वेळी रोगग्रस्त होतात, ती वायू, जल, देश व काल बिघडल्याने, असे चरकसंहितेच्या विमानस्थानात आहे. अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवरील ‘अननॅचरल कॉजेस’ (२००८) या सात भागांच्या माहितीपटाने लुईव्हिल शहरात वस्तीगणिक आयुर्मान कसे बदलते हे दाखविले, तेव्हा आम्हांस त्याचेच स्मरण झाले.

परंतु पीडिताचे बोल जसेच्या तसे ऐकविणे तेथे जोखमीचे. २००६ च्या कायद्याने असभ्य प्रसारणाचा कमाल दंड ३२,५०० वरून ३,२५,००० डॉलरवर नेला. त्याच वर्षी ब्लूज संगीतावरील माहितीपटातील अपशब्दांपायी कॅलिफोर्नियातील एका लहानशा सार्वजनिक केंद्रावर १५,००० डॉलरचा दंड प्रस्तावित झाला. वेदनेने कळवळणारा मनुष्य शब्द निवडून विव्हळत नाही, हे वैद्यांस सांगणे नलगे! रात्री दहा ते सकाळी सहा एवढीच सूट. त्या वेळी ज्याची ही कथा, तो श्रमिक निजलेला असतो.