‘जुना’ म्हणजे नेमका किती जुना? : घरचा संगणक आणि नवी ऑपरेटिंग सिस्टीम



आजचा विषय वाचून एकांनी आत येतानाच विचारलं, ‘सर, तत्त्वज्ञान सोडून कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान काढलंत की काय?’ (हशा) तसं काही नाही. पण माझ्या वयाच्या बऱ्याच मंडळींसमोर सध्या एक प्रश्न आहे, तो माझ्यासमोरही आला. घरचा कॉम्प्युटर बरा चालतोय. एके दिवशी पडद्यावर सूचना येते, की या यंत्रावर विंडोज ११ चालणार नाही. दुकानात विचारावं तर उत्तर मिळतं, ‘सर, भंगारात काढा, नवीन घ्या.’

माझा कॉम्प्युटर २०१३ सालचा. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. त्यावर माझी वर्गातली टिपणं, घरचे फोटो, बँकेचे कागद, सगळं. मग भंगारात काढायचं म्हणजे नेमकं काय काढायचं?

न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलंय, पण कोणाचा शब्द? आप्ताचा. म्हणजे ज्याला विषय माहीत आहे आणि जे आहे तसं सांगण्याचीच ज्याची इच्छा आहे, त्याचा. दुकानदाराला विषय माहीत असतो. पण त्याला नवीन यंत्र विकायचंही असतं, तो काही त्याचा गुन्हा नाही. आपण मात्र थोडी चौकशी करावी.

चौकशीची पहिली पायरी म्हणजे ‘जुना’ या शब्दाची फोड. कॉम्प्युटर तीन वेगवेगळ्या अर्थांनी जुना होतो, आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे.

पहिला अर्थ, झीज. पंख्यात धूळ बसते, यंत्र तापतं, तापलं की स्वतःहून वेग कमी करतं. आतमध्ये रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा एक सेल असतो. तो संपला, की यंत्र बंद केल्यावर घड्याळ मागे जातं. तारीख चुकीची झाली, की बँकेची साइट उघडत नाही, कारण साइटच्या ओळखपत्राची मुदत यंत्र स्वतःच्या तारखेशी ताडून पाहतं. माणूस म्हणतो, कॉम्प्युटर बिघडला. बिघडलेला असतो तो थोड्या रुपयांचा सेल. या झिजेवर उपाय साफसफाई.

दुसरा अर्थ, तुलनेनं जुना. प्रोसेसर २०१३ मध्ये जितका वेगवान होता तितकाच आजही आहे. वाढल्या त्या मागण्या. एक साधी वेबसाइटसुद्धा आज पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त रॅम खाते. पण खरी अडचण बहुधा हार्ड डिस्कची असते. तिच्यात तबकडी फिरते, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे, आणि वाचणारा दांडा ग्रामोफोनच्या पिनेसारखा जागा शोधत हिंडतो. एसएसडीमध्ये हलणारं काहीच नसतं. जुन्या यंत्राची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, की फरक ताबडतोब कळतो. मी एसएसडी बसवली, रॅम ८ जीबी केली. नव्या यंत्राच्या किमतीच्या मानानं खर्च किरकोळ.

तिसरा अर्थ सगळ्यात मजेशीर आहे: जाहीर केलेलं म्हातारपण. विंडोज १० आलं जुलै २०१५ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टनं त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. त्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडला नाही. त्या दिवसानंतर नव्यानं सापडणाऱ्या सुरक्षेच्या भोकांना ठिगळ मिळणं थांबलं. घरगुती वापरासाठी वर्षभराची वाढीव मुदत जाहीर झाली, पण तिच्यासाठी नाव नोंदवावं लागतं, आणि मुदत ती मुदतच.

मग विंडोज ११ जुन्या यंत्रावर का बसत नाही? त्याला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, ते तर आपल्याकडे असतं. अडतं ते टीपीएम २.० या सुरक्षा-व्यवस्थेवर आणि प्रोसेसरच्या यादीवर. किल्ल्या, पासवर्ड वगैरे गोष्टी वेगळ्या कप्प्यात बंदिस्त ठेवण्याची ही सोय आहे. इंटेलच्या बाबतीत यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. आडवाटेनं विंडोज ११ बसवता येतं, लोक बसवतातही. पण अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाही, आणि अपडेटसाठीच तर हा सगळा खटाटोप. म्हणून ती वाट मी धरली नाही.

उरली तिसरी वाट, लिनक्स. लिनस टोर्व्हाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये त्याचा गाभा लिहिला. आज त्याची अनेक रूपं फुकट मिळतात. विंडोजची सवय असलेल्यांना लिनक्स मिंट सोपं जातं: खाली डावीकडे मेनू, खाली पट्टी, सगळं ओळखीचं. २ जीबी रॅमवरही ते चालतं, ४ असेल तर बरं. फक्त यंत्र ६४-बिटचं हवं.

इथे प्रत्यक्ष प्रमाण उपयोगी पडतं. लिनक्स बसवण्याआधी चालवून बघता येतं. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ते रूफससारख्या प्रोग्रॅमनं उतरवायचं, यंत्र सुरू होताना एफ१२ किंवा तुमच्या यंत्राची जी कळ असेल ती दाबायची, आणि पेनड्राइव्हवरून सुरू करायचं. जोपर्यंत तुम्ही ‘इन्स्टॉल’ म्हणत नाही तोपर्यंत तुमच्या डिस्कला धक्का लागत नाही. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर छापतो का, सगळं बघा. पेनड्राइव्हवरून थोडं संथ चालेल, तेवढं सोडून द्या. एखाद्या गोष्टीवाचून तुमचं खरंच अडत असेल, म्हणजे हिशेबाचं ठरावीक सॉफ्टवेअर किंवा डिजिटल सहीचं उपकरण, आणि ते तिथे चालत नसेल, तर लिनक्स तुमच्यासाठी नाही. त्यात कमीपणा काही नाही.

आता माझी चूक सांगतो, कारण ती मराठी माणसाचीच होऊ शकते. मी आधी सगळ्या फाइल बाहेरच्या डिस्कवर घेतल्या. मोजून घेतल्या. नवी सिस्टीम बसवली, जुनी डिस्क कोरी करून टाकली. मग १९९०च्या दशकातली वेदान्तावरची टिपणं उघडली, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, अर्थहीन. पोटात गोळाच आला.

झालं असं, की त्या काळी आपण मराठी टाइप करायचो ते युनिकोडमध्ये नव्हे. फाइलमध्ये साठायचे इंग्रजी अक्षरांचे संकेत, आणि फाँट त्यांना देवनागरीचा वेष चढवायचा. फाइल मी आणली, वेष मागे राहिला. एका जुन्या विद्यार्थ्याकडे तो फाँट निघाला, तो लिनक्सवरही बसला, आणि टिपणं परत वाचता आली. निघाला नसता तर? म्हणून सांगतो, काहीही पुसण्याआधी विंडोजमधलं ‘फाँट्स’ हे फोल्डरसुद्धा उतरवून घ्या. आणि शक्य असेल तर नवी सिस्टीम नव्या एसएसडीवर बसवा, जुनी डिस्क केबल काढून सहा महिने कपाटात ठेवा. मी ती घाईनं पुसली, एवढीच घाई नडली.

नंतर सवड काढून त्या फाइल युनिकोडमध्ये बदला. पण बदललेलं वाचून बघा. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप व्हायची. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठते. रफाराचं बरोबर उलटं. त्यामुळे बदलताना ‘कर्म’, ‘स्थिती’ असे शब्द हटकून बिघडू शकतात. आपण वर्णाला अक्षर म्हणतो, म्हणजे जे झिजत नाही ते. पण ते वाचणारा कोणीतरी शिल्लक राहील, हे मात्र आपल्यालाच बघावं लागतं.

शेवटी थोडं तत्त्वज्ञान, नाहीतर तुम्ही म्हणाल सर खरंच दुकान काढणार. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, की रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? जू? यांतलं एकही एकेकटं रथ नाही. या सगळ्यांच्या आधारे आपण व्यवहारात ‘रथ’ म्हणतो, एवढंच. माझ्या कॉम्प्युटरची डिस्क बदलली, रॅम वाढवली, सेल बदलला, सिस्टीम बदलली. घरात अजून त्याला ‘जुना कॉम्प्युटर’च म्हणतात. मी त्यावर रोज लिहितो, नातवंडांशी बोलतो, बँकेचं काम करतो.

तेव्हा कोणी ‘जुना झाला’ म्हणालं, की आधी विचारा, तीनपैकी कोणत्या अर्थानं? झिजला असेल तर साफ करा. मंदावला असेल तर डिस्क आणि रॅम बघा. नुसता जाहीर झाला असेल, तर निर्णय तुमचा आहे. मात्र आधार संपलेल्या सिस्टीमवर बँकेचं काम करत बसू नका. हा कंटाळा महागात पडतो. आणि एवढं करूनही यंत्र कामाचं नसेल, तर डिस्क काढून घ्या आणि बाकीचं ई-कचऱ्यात द्या, नेहमीच्या कचऱ्यात टाकू नका.

थांबतो. काही शंका असतील तर विचारा, पण प्रिंटर कुठला घ्यावा हे सोडून. (हशा)