संगणकाची पी-पी : कोणती बंद करावी, कोणती ऐकावी?

तालुक्याचे नाव केळापूर, पण बाजार पांढरकवड्याचा. नागपूर-हैदराबाद महामार्गावरच्या या गावात कापूस आणि बी-बियाणे यांवर बरीचशी तिजारत चालते. पूर्वी येथल्या दुकानात शिरले की वजनांचा खणखणाट कानी पडे. आता पी-पी ऐकू येते. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला आणि ज्यांनी कधी संगणकाला हात लावला नव्हता, अशा दुकानदारांच्या गल्ल्याशेजारीही तो येऊन बसला. पुढे अनुदानाचे खत विकायचे तर पीओएस यंत्रावर नोंद आली. यंत्रे आली, तसे त्यांचे आवाजही आले.

"भाईजान, हे बोंबलणे आधी बंद करा, मग काय ते विचारा," असे एका दुकानदार चाचांनी आम्हाला ऐकवले. दिवसभर कानाशी पी-पी सुरू असली की माणूस गिऱ्हाइकावर चिडतो, हे त्यांचे म्हणणे आम्हाला पटले. परंतु त्याच बाजारात आवाज बंद करण्याच्या नादात उधारीचे खाते गमावलेले एक व्यापारीही आम्हाला भेटले. म्हणून हा विषय आमच्या व्यापारी बांधवांपुढे सविस्तर मांडत आहोत.

मुळात संगणक वाजतो का? ही सवय त्याने तारयंत्राच्या घराण्याकडून घेतली आहे. टेलिप्रिंटरला खरीखुरी घंटा असे. पलीकडून विशिष्ट संकेत आला की ती वाजे आणि इकडचा माणूस जागा होई. संगणकाच्या अक्षरसंचात 7 क्रमांकाचा संकेत आजही 'बेल' म्हणूनच ओळखला जातो. 1981 साली आयबीएमने आपला पीसी काढला, तेव्हा त्याच्या पोटात एक लहानसा स्पीकर बसवला. तो मुख्यतः इशाऱ्यासाठी होता. तारघरे 2013 साली बंद झाली, घंटा मात्र दुकानात शिल्लक राहिली.

आता निरुपयोगी आवाजांकडे वळू. विंडोजमध्ये चूक झाली की टुण, खिडकी उघडली की टुण, पेनड्राइव्ह लावला की टुण. हे सर्व एका फटक्यात बंद होते. कंट्रोल पॅनलमध्ये 'साउंड' उघडावे, त्यातील 'साउंड्स' या पानावर 'साउंड स्कीम' असते, तेथे 'नो साउंड्स' निवडून 'ओके' करावे. मोबाइलवाल्या मुलांना हे सांगावे लागत नाही, पण वडीलधाऱ्यांनी कागदावर लिहून ठेवलेले बरे. एक्सपीवर चालणारा जुना संगणक कोठे असेलच, तर त्यात हा आवाज पोटातल्या स्पीकरमधून येतो आणि वरील उपाय पुरत नाही. तेथे काळ्या खिडकीत 'नेट स्टॉप बीप' अशी आज्ञा द्यावी लागते. विंडोज 7 पासून हा आवाज बाहेरच्या स्पीकरकडे वळवला गेला आहे.

दुसरा प्रकार गमतीचा आहे. एका किराणा दुकानात संगणक अधूनमधून एकसारखा ओरडतो आणि मग कळफलकाची बटणेच चालत नाहीत, अशी तक्रार होती. नवा कळफलक आणूनही फरक नाही. आम्ही पाहिले तर चाचा हिशेबाची जाडजूड वही सवयीने कळफलकाच्या उजव्या बाजूवर ठेवत! उजवीकडचे 'शिफ्ट' 8 सेकंद दाबलेले राहिले की विंडोज समजते, या माणसाचा हात थरथरतो. मग ते झटपट दाबलेली बटणे मोजतच नाही. 'नमलॉक' 5 सेकंद दाबले गेले तर 'कॅप्सलॉक'च्या प्रत्येक दाबाला आवाज सुरू होतो. अपंग बांधवांसाठी या सोयी मोलाच्या आहेत. ज्यांना नकोत त्यांनी 'ॲक्सेसिबिलिटी'च्या पानावर जाऊन कळफलकाचे हे शॉर्टकट बंद करावेत. वहीची जागाही बदलावी.

बारकोड वाचणाऱ्या यंत्राचा आवाज मात्र आम्ही बंद करू देणार नाही. ती पी एकदा वाजली म्हणजे वस्तू एकदा नोंदली गेली. आवाज नसला की काउंटरवरचा मुलगा खात्री करण्यासाठी तीच साबणाची वडी पुन्हा फिरवतो आणि गिऱ्हाइकाला दोनदा पैसे पडतात. मापात पाप म्हणतात ते असे नकळतही होते. बहुतेक यंत्रांच्या पुस्तिकेत आवाज कमी करण्याचे बारकोड छापलेले असतात, त्यांचा उपयोग करावा.

आता यूपीएस. लाइट गेली की हा डबा काही सेकंदांच्या अंतराने वाजू लागतो, आणि बॅटरी संपत आली की आवाज घाईचा होतो. सर्वांत जास्त राग याच्यावरच, आणि सर्वांत कामाचा आवाजही हाच. वर उल्लेख केलेले व्यापारी कृषी केंद्र चालवतात. पावसाळ्यात वादळ आले की लाइट जाणार, हे ठरलेले. आणि खरिपातली बरीच विक्री कापूस येईपर्यंत उधारीवर. वारंवारच्या आवाजाला कंटाळून त्यांनी कारागिराकडून यूपीएसमधला बझरच काढून घेतला. एका संध्याकाळी लाइट गेली. मालक गोदामात पोती मोजत होते, दुकानात दिवा इन्व्हर्टरवर चालू होता, त्यामुळे मुलाला काही कळलेच नाही; तो नोंदी करत राहिला. थोड्या वेळाने पडदा काळा झाला. लाइट आल्यावर हिशेबाची फाइल उघडेना. शेवटची नक्कल तीन आठवड्यांपूर्वीची होती.

पुढचे दहा-बारा दिवस त्यांनी बिलांच्या कार्बन प्रती जुळवण्यात घालवले. ज्यांच्या प्रती सापडल्या नाहीत, त्या शेतकऱ्यांना विचारावे लागले. बहुतेकांनी स्वतः येऊन खरा आकडा सांगितला, हे मुद्दाम नमूद करतो. दोन जणांचे मात्र अजून जुळलेले नाही. एक म्हणतो चार पोती, मालक म्हणतात सहा. वर्षानुवर्षांचा सलाम-नमस्कार आता थंड पडला आहे.

यूपीएसचा आवाज सहन होतच नसेल तर बझर तोडू नये. बऱ्याच यूपीएसमध्ये समोरचे बटण थोडक्यात दाबले की त्या वेळेपुरता आवाज थांबतो. कोणते बटण, ते पुस्तिकेत पाहावे, कारण जास्त वेळ दाबले तर यूपीएसच बंद होतो. लाइट असतानाही तो वाजत असेल तर बॅटरी खराब झाली आहे किंवा त्यावर भार जास्त आहे असे समजावे. प्रिंटर त्यावर जोडला असल्यास आधी तो काढावा; लेझर प्रिंटर तर कधीच जोडू नये. बॅटरीचे आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षे धरतात, पण ते 25 अंश तापमानाचे गणित आहे. उष्णता 8-10 अंशांनी वाढली की आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या दुकानात काय होत असेल, ते सांगायला नको. म्हणून यूपीएस भिंतीला टेकवून, पोत्यांच्या आड ठेवू नये.

संगणक सुरू करताना येणारा एकच छोटा आवाज सुखरूपतेचा असतो. एकसारखे आवाज येऊन पडदा काळाच राहिला तर बहुधा रॅमची पट्टी सैल झालेली असते. कारागिराला फोनवर ते आवाज मोजून सांगितले की तो योग्य सामान घेऊन येतो आणि एक चक्कर वाचते.

कृषी केंद्रवाल्यांनी आता नवा यूपीएस घेतला आहे, बझरसकट. त्यावर मुलाच्या हस्ताक्षरात एक कागद चिकटवला आहे : 'वाजले की सेव्ह करा, संगणक बंद करा, अब्बांना हाक मारा.' खाली बॅटरी घेतल्याची तारीख आहे. रोज रात्री खात्याची नक्कल पेनड्राइव्हवर घेऊन ते तो घरी नेतात.