बरणीतल्या तेलाचे काम

मे महिना उजाडला की नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटांच्या थप्प्या लागतात. येडगाव, वडज, माणिकडोह, डिंभे या धरणांच्या पाण्यावर जुन्नर-आंबेगावचे मळे पिकतात. भावाचा मात्र भरवसा नसतो. २०२३च्या जुलैत वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांहून जास्त भाव मिळाला आणि सप्टेंबरात टोमॅटो मातीमोल झाला. पडत्या भावात थोडा माल घरीच टिकवावा, असे कुणालाही वाटेल. त्यासाठी टोमॅटो वाळवून ऑलिव्ह तेलात बुडवून ठेवण्याची इटालियन रीत चांगलीच आहे. पण ती करण्याआधी आपले लोणचे नीट समजून घ्यावे.

कैरीच्या फोडी मीठ-हळदीत मुरतात, मग मोहरी-मसाला, आणि शेवटी कडकडीत तापवून पूर्ण गार केलेले गोडेतेल फोडींवर बोटभर येईल इतके. बरणीला दादरा बांधला की वर्षाची बेगमी झाली. यात टिकवण्याचे काम करतात कैरीचा आंबटपणा आणि भरपूर मीठ. तेल हवा अडवते, त्यामुळे वर बुरशी धरत नाही. भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरांतली कच्ची करवंदेही मुळात आंबट, म्हणून तीही अशीच टिकतात.

आंबट नसलेली ओली भाजी नुसत्या तेलात ठेवली, तर हवा अडवणारे तेच तेल घात करते. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू मातीत असतात, म्हणून लसूण, मिरची, वांगे यांच्यावरही असू शकतात. हवा नाही, आम्ल नाही, ओलावा आहे आणि घरातली ऊब आहे, की ते वाढून विष तयार करतात. नुसत्या उकळीने हे बीजाणू मरत नाहीत. त्यासाठी दाबाखाली १२१ अंश तापमान लागते. १९८५मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे एका उपाहारगृहातील तेलातल्या लसणामुळे ३६ जणांना ही विषबाधा झाली. लसणाची ती बरणी फ्रिजबाहेर राहिली होती.

सामू ४.६च्या खाली असला की हा जिवाणू वाढत नाही. टोमॅटोचा सामू साधारण ४.३ ते ४.९, म्हणजे अगदी सीमेवर. म्हणून टोमॅटो अर्धे चिरून, मीठ लावून, मेच्या कडक उन्हात चामड्यासारखे चिवट होईपर्यंत वाळवावेत. टोमॅटोत ९४ टक्के पाणी असते. दहा किलोंचे जेमतेम किलोभर उरतात. वाळलेल्या फोडी ५ टक्के आम्लतेच्या व्हिनेगरमध्ये बुडवून काढाव्यात, निथळून कोरड्या कराव्यात आणि मगच तेलात घालाव्यात. बरणी फ्रिजमध्येच ठेवावी. थंडीने ऑलिव्ह तेल गोठते, बाहेर काढल्यावर पुन्हा पातळ होते. ते बिघडलेले नसते. ढोबळी मिरची, वांगी, अळंबी तेलात ठेवायची असतील तर आधी व्हिनेगर-पाण्यात उकळून घ्यावीत, आणि तरीही फ्रिजबाहेर ठेवू नयेत. ऑलिव्ह तेल महाग वाटले तर शेंगदाण्याचे वापरा, सुरक्षिततेत काही फरक पडत नाही.

मला खरी काळजी वाटते ती रक्तदाबाच्या भीतीने मीठ निम्मे केलेल्या घरगुती लोणच्यांची. मीठ कमी करायचे असेल तर जरूर करा. पण मग ते लोणचे थोडे घाला, त्यात लिंबाचा रस वाढवा आणि ते फ्रिजमध्ये ठेवा. ताजा लसूण घातलेले तेल तर फ्रिजमध्ये ठेवूनही चार दिवसांत संपवावे.

या विषाला वास, रंग, चव काहीच नसते, त्यामुळे चाखून पाहू नका. शंका आली तर बरणी टाकून द्या. खाल्ल्यानंतर एकाचे दोन दिसू लागले, पापण्या जड झाल्या, गिळताना किंवा बोलताना अडखळायला झाले, तर घरगुती उपाय करत न बसता थेट रुग्णालय गाठा आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.